गाडीवर गोळ्या सुटल्या तेव्हा : कॉर्क, प्राग, पॅरिस, पुणे

इंदूरच्या एका श्रोत्यांनी मागच्या भागाखाली प्रश्न विचारला होता. सिनेमात नायक एका हाताने स्टिअरिंग धरतो, दुसऱ्या हाताने खिडकीतून पिस्तूल चालवतो आणि मागून येणाऱ्या चार गाड्या उलथवतो. असं खऱ्या इतिहासात कधी घडलंय का? मी लगेच ‘नाही’ लिहिणार होतो. मग वाटलं, जरा शोधून सांगू. शोधता शोधता जे हाती लागलं, तो आजचा विषय.

आधी दोन साध्या गोष्टी लक्षात घ्या. गाडीचा दरवाजा म्हणजे पातळ पत्रा. रायफलची गोळी त्यातून सहज आरपार जाते. सिनेमात दाराआड लपून तासभर लढणारी माणसं दिसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. गोळी अडवण्यासारखं गाडीत काही असेल तर ते पुढचं इंजिन, आणि थोडीफार चाकं. दुसरी गोष्ट काचेची. पुढची काच तिरकी असते, त्यामुळे तिच्यातून जाणारी गोळी वाट बदलते. त्यात गाडी हलतेय, बसलेल्या माणसाला मान वळवायला जागा नाही, आणि ज्याच्या हातात चाक आहे त्याने नेम धरायचा की रस्ता बघायचा? म्हणजे गाडी ही लढायची जागा नव्हेच. तिच्याकडे एकच हत्यार आहे, वेग. तिच्यावर हल्ला करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो वळण शोधतो, चढ शोधतो, रस्त्यात आडवं काहीतरी टाकतो.

हे शास्त्र विसाव्या शतकात सर्वांत आधी कुणी पक्कं शिकून घेतलं असेल, तर आयर्लंडच्या बंडखोरांनी. २८ नोव्हेंबर १९२०. कॉर्क परगण्यातलं किलमायकल. ब्रिटिशांच्या ‘ऑक्झिलरी’ दलाचे १८ जण दोन उघड्या क्रॉसली लॉऱ्यांतून चालले होते. सगळे पहिल्या महायुद्धात लढलेले, अनुभवी गडी. टॉम बॅरी नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा लष्करी डगला घालून वळणावर रस्त्यात उभा राहिला. हा गणवेशातला कोण, म्हणून पहिल्या लॉरीच्या चालकाने वेग कमी केला. तेवढंच हवं होतं. बॅरीने चालकाच्या बाजूला हातबॉम्ब टाकला आणि दोन्ही बाजूंच्या खडकांमधून बंदुका सुरू झाल्या. १८ पैकी १६ तिथेच मेले, एक नंतर मारला गेला. गाडीत बसलेल्या प्रशिक्षित सैनिकांची ही गत झाली, ती गाडी मंदावली म्हणून.

या बंडखोरांच्या गुप्त यंत्रणेचा मेंदू होता मायकल कॉलिन्स. डब्लिनमध्ये बसून त्याने ब्रिटिश हेरखातं खिळखिळं केलं. ब्रिटिश मागावर असताना हा माणूस शहरात सायकलवरून फिरत होता! पुढे १९२१च्या डिसेंबरमध्ये लंडनला जाऊन त्यानेच तह केला. तहावरून आयरिश लोकांत फूट पडली, यादवी सुरू झाली आणि कालचे सोबती आजचे शत्रू झाले. १९२२च्या उन्हाळ्यात कॉलिन्स नव्या राष्ट्रीय सैन्याचा सरसेनापती होता. वय एकतीस.

२२ ऑगस्ट १९२२ला तो आपल्याच कॉर्क परगण्यात दौऱ्यावर निघाला. ताफा असा होता : पुढे मोटारसायकलवर एक टेहळ्या, त्यामागे क्रॉसली लॉरीत सैनिक, मग उघडी लेलँड मोटार, तिच्यात कॉलिन्स आणि मेजर जनरल एमेट डाल्टन, आणि शेवटी रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, ‘स्लीव्हनामन’. तिच्या बुरुजात व्हिकर्स मशीनगन. (याच घराण्याच्या चिलखती गाड्या त्याच काळात आपल्याकडे वायव्य सरहद्दीवरही धावत होत्या.)

सकाळी हा ताफा बेल ना ब्लाहच्या खोऱ्यातून गेला आणि तिथे थांबून रस्ता विचारला. आता बघा, कॉर्क हा तहविरोधकांचा बालेकिल्ला. ज्याला रस्ता विचारला तो त्यांचाच माणूस निघाला. बातमी पसरली. परतताना ताफा याच वाटेने येईल या हिशोबाने रस्त्यात चाक काढलेली गाडी आडवी लावली, सुरुंग पेरला आणि दिवसभर दबा धरला. संध्याकाळ झाली तरी कुणी येईना. कंटाळून बरेचजण निघून गेले. मागे राहिलेली मूठभर माणसं सुरुंग काढून आवराआवर करत होती, आणि नेमका तेव्हाच, अंधार पडायच्या सुमारास, ताफा आला.

टेकडीवरून गोळ्या सुटल्या. डाल्टनने काय सूचना दिली? गाडी दामटा, जोरात पुढे काढा. अनुभवी सैनिक होता, पहिल्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेला. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण कॉलिन्सने हुकूम फिरवला : थांबा, आपण लढू.

आता मला सांगा, असं का? हा गृहस्थ काही अडाणी नव्हता. लॉरी थांबली की लॉरीतली माणसं मेली, हे ज्या चळवळीने जगाला दाखवून दिलं, तिचा तो नेता. काही अभ्यासक म्हणतात, कॉलिन्सने आयुष्यभर लढाया टेबलावर लढवल्या. समोरासमोर गोळीबारात तो १९१६च्या बंडानंतर फारसा उतरलाच नव्हता. काही म्हणतात, स्वतःच्या परगण्यात, स्वतःच्या माणसांपुढे पाठ दाखवून पळणं त्याला जमलं नसतं. मला दुसरं कारण जास्त पटतं. पुढे रस्त्यात गाडी आडवी होती हेही खरं, त्यामुळे पळणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. पण चिलखती गाडी सोबत असताना तो तिच्यात शिरला नाही, हेही तितकंच खरं.

चकमक अर्धा तास चालली. चिलखती गाडीची व्हिकर्स मध्येच अडकली. व्हिकर्सला गोळ्यांचा कापडी पट्टा लागतो, तो नीट भरला नसेल किंवा वाकडा सरकला तर बंदूक अडते, आणि दर वेळी ती मोकळी करायला वेळ जातो. बंदूक गप्प झाल्यावर समोरच्यांना जागा बदलायला उसंत मिळाली. कॉलिन्स चिलखती गाडीच्या आडोशातून निघून रस्त्यावर मोकळ्यात गेला, रायफलने गोळ्या झाडत राहिला, आणि एक गोळी त्याच्या डोक्यात लागली. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंना मिळून मेलेला तो एकटाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्लीव्हनामनचा तोफची गाडीसकट शत्रूला जाऊन मिळाला, त्यामुळे बंदूक अडकली की अडकवली, यावर आयरिश मंडळी आजही तावातावाने वाद घालतात. आपण त्यात पडायला नको.

वीस वर्षांनी प्रागमध्ये हीच चूक दुसऱ्या बाजूने झाली. ती चूक झाली याचं कुणालाही दुःख नाही, हे आधीच सांगतो. रायनहार्ड हायड्रिख, नाझींचा बोहेमिया-मोरेव्हियातला कारभारी, ज्यूंच्या संहाराचा एक प्रमुख आखणीकार. २७ मे १९४२च्या सकाळी तो उघड्या मर्सिडीजमधून कचेरीकडे चालला होता. सोबत फक्त चालक क्लाइन. मागेपुढे पहारा नाही, टप उघडा. मी चेक लोकांना घाबरत नाही हे दाखवायचं होतं. लिबेन भागातल्या तीव्र वळणावर गाडी मंदावली. ब्रिटनमध्ये तयार होऊन हवाई छत्रीने उतरलेला योसेफ गाब्चिक स्टेनगन घेऊन समोर आला, त्याने चाप ओढला, आणि गन चाललीच नाही.

मंडळी, इथे थांबून विचार करा. हल्लेखोराची बंदूक अडकलीय. रस्ता मोकळा आहे. मर्सिडीजचं ताकदवान इंजिन चालू आहे. क्लाइनने पाय दाबला असता तर गाडी निसटून जायची शक्यता दाट होती. हायड्रिखने गाडी थांबवायला सांगितलं आणि पिस्तूल उपसून उभा राहिला. दुसरा माणूस, यान कुबिश, त्याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. कुबिशने फेकलेला बॉम्ब मागच्या उजव्या चाकाशी फुटला आणि धातूचे तुकडे, बैठकीतले घोड्याचे केससुद्धा, हायड्रिखच्या शरीरात घुसले. तरी तो खाली उतरून पाठलागाला लागला, मग कोसळला. क्लाइन गाब्चिकच्या मागे एका खाटकाच्या दुकानापर्यंत गेला आणि पायात गोळी खाऊन बसला. ४ जूनला हायड्रिख मेला. त्याची किंमत मात्र लिडिसे गावाने मोजली. १० जूनला तिथल्या १७३ पुरुषांना ओळीने उभं करून मारलं, बायकांना छळछावणीत धाडलं आणि गाव जमीनदोस्त केलं.

आता पॅरिस. तारीख पुन्हा २२ ऑगस्ट, साल १९६२. कॉलिन्स गेला त्याला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षं झाली होती. अल्जीरियाला स्वातंत्र्य दिलं म्हणून फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या जिवावर उठलेली माणसं प्ती-क्लामारच्या रस्त्यावर टपून होती. द गॉल आणि त्यांच्या पत्नी इव्हॉन सिट्रोएन डीएसच्या मागच्या सीटवर, पुढे जावई कर्नल आलँ द ब्वासिय, आणि चाकावर फ्रान्सिस मारू. कटाचा सूत्रधार बास्त्यँ-तिरी हवाईदलातला अभियंता, हाती वर्तमानपत्र धरून खूण करणार होता. पण उजेड त्याच्या अंदाजापेक्षा लवकर गेला आणि बंदूकवाल्यांना खूण वेळेवर दिसली नाही. तरी दीडशेच्या वर गोळ्या झाडल्या गेल्या. चौदा-एक गाडीला लागल्या, मागची काच फुटली, दोन टायर गेले.

जावयाने मारूला ओरडून सांगितलं ते एवढंच, की सरळ चल. मारूने ब्रेक लावला नाही. डीएसची ती हवा-तेलावर तोललेली बैठक, ज्याबद्दल गाड्यांचे शौकीन तासन्तास बोलू शकतात, त्या रात्री खरोखर कामी आली. टायर फुटूनही गाडी सरळ राहिली आणि व्हिलाकुब्लेच्या विमानतळावर पोचली. द गॉलांच्या गाडीतून उलट एकही गोळी सुटली नाही, आणि चौघांपैकी कुणाला गंभीर इजा नाही. उतरल्यावर इव्हॉनबाईंनी विचारलं, कोंबड्या ठीक आहेत ना? डिकीत घरी न्यायच्या कोंबड्या होत्या. फ्रेंच बोलीत पोलिसांनाही कोंबड्या म्हणतात, त्यामुळे सोबतच्या पोलिसांना वाटलं, बाई आमची चौकशी करताहेत!

मारूचं हे पहिलं वेळ नव्हतं बरं का. ८ सप्टेंबर १९६१ला पों-स्युर-सेनजवळ रस्त्याकडेला स्फोट होऊन आगीची भिंत उभी राहिली, तेव्हाही चाकावर तोच होता. त्याने आगीतून गाडी काढली. पण मारूचा पुतळा कुठे नाही आणि कॉलिन्सवर चित्रपट आहे. बास्त्यँ-तिरीला मार्च १९६३मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला.

मग पुढे वाट बंदच असेल तर? त्याचंही उदाहरण आहे. २० मार्च १९७४, लंडनचा मॉल रस्ता. इयन बॉल नावाच्या माणसाने राजकन्या अ‍ॅनच्या लिमोझीनपुढे आपली फोर्ड घातली आणि गोळ्या झाडायला लागला. अंगरक्षक इन्स्पेक्टर जेम्स बीटन खाली उतरला, खांद्यात गोळी लागली असताना त्याने एक गोळी झाडली, ती चुकली, आणि त्याचं वॉल्थर पिस्तूल अडकलं. मग तो गाडीत राजकन्येजवळ शिरला आणि बॉलच्या पिस्तुलापुढे स्वतःचा हात धरला. तीन गोळ्या खाल्ल्या, तरी जगला. त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. बॉलला रोखलं ते वाटेने चाललेल्या एका माजी मुष्टियोद्ध्याच्या ठोशांनी आणि पोलिसांनी. अंगरक्षकांची ती वॉल्थर पिस्तुलं मग बदलली गेली.

आणि आता आपलं पुणं. १० ऑगस्ट १९८६. जनरल अरुणकुमार वैद्य त्याच वर्षीच्या जानेवारीत लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले होते. दोनदा महावीर चक्र मिळवलेला हा रणगाड्यांचा सेनानी त्या दिवशी स्वतः मारुती चालवत बाजारातून घरी निघाला होता. शेजारी पत्नी, मागे सशस्त्र अंगरक्षक. राजेंद्रसिंहजी रस्त्याच्या वळणावर लाल मोटारसायकल गाडीला येऊन चिकटली आणि मागे बसलेल्याने खिडकीतून जनरलसाहेबांच्या डोक्यात गोळ्या घातल्या. सगळं काही क्षणांत. अंगरक्षकाकडे शस्त्र होतं, पण चाकावरचा माणूसच पहिल्या गोळीला गेल्यावर गाडी कोण हाकणार आणि नेम कुणावर धरणार? वैद्यबाई जखमी झाल्या. सुखदेवसिंग ‘सुखा’ आणि हरजिंदरसिंग ‘जिंदा’ यांना ९ ऑक्टोबर १९९२ला येरवड्यात फाशी झाली.

इंदूरच्या काकांना उत्तर द्यायचं राहिलं. गाडीतून गोळी झाडून कुणी वाचलंच नाही, असं मी म्हणणार नाही. इतिहासात असा ‘कधीच’ सहसा टिकत नाही. पण आज सांगितलेल्या पाचांत हातात बंदूक घेऊन थांबलेले दोघं मेले, बाकी तिघांपैकी जे दोघं वाचले त्यांच्यातल्या कुणाला बंदुकीने वाचवलेलं नाही. आणि हो, स्लीव्हनामन गाडी अजून आहे. आयरिश लष्कराने ती दुरुस्त करून चालू ठेवलीय. तिच्या बुरुजातल्या बंदुकीबद्दल पुढे कधीतरी वेगळा भाग करू.