गोल्फचा फटका : शरीरगती व भूबल

गोल्फमध्ये चेंडू दूर धाडण्यासाठी क्लब फिरवताना पायांच्या तळव्यांपासून मनगटापर्यंत होणारी हालचाल आणि तिला जमिनीकडून मिळणारी प्रतिक्रिया. चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, क्लबशी त्याचा स्पर्श टिकतो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे (लांब फटक्याच्या क्लबचे) डोके त्या क्षणी ताशी सुमारे १८० किमी. वेगात असते आणि हा वेग वरून खाली येताना अवघ्या पाव सेकंदात साधलेला असतो.

ताकद जमिनीतून येते, असे प्रशिक्षक सर्रास सांगतात. हे अर्धेच खरे. न सरकणाऱ्या तळव्यावरचे बल यांत्रिकीच्या हिशेबी कार्य करीत नाही. ऊर्जा स्नायूंचीच असते. पण जमिनीच्या टेकूवाचून शरीराला बाहेरून वळवणारे दुसरे काही नाही. अधांतरी माणसाने हात डावीकडे फिरवले, तर त्याचे धड उजवीकडे वळेल.

उजव्या हाताचा खेळाडू क्लब खाली आणताना आधी भार डाव्या पायाकडे नेतो. डावा पाय जमिनीला चेंडूच्या दिशेने रेटतो, उजवा मागे; दोन्ही प्रतिक्रिया मिळून कंबर डावीकडे वळते. मग डावा गुडघा सरळ होतो, जमिनीवरचा दाब वजनाहून बराच वाढतो आणि डावा खांदा वर उचलला जातो. हा दाब चेंडूला क्लब लागण्याआधीच कळसाला पोहोचलेला असतो. कुऱ्हाडीने ओंडका फोडणारा पाय फाकवून, गुडघे लववून उभा राहतो तो याच कारणाने. त्याचा घाव मात्र सरळ खाली येतो, गोल्फचा तिरका फिरतो.

वेगाचा क्रम कंबर, छाती, हात, क्लब असा. मागचा भाग मंदावतो तसा पुढचा वेग घेतो. ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनी १९६८च्या ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’मध्ये हात व क्लब यांचा विचार बिजागरीने जोडलेल्या दोन दांड्यांप्रमाणे केला. मनगट लवकर सुटले, तर कंबरेने कमावलेले वाया जाते. हौशी खेळाडूंचा घोटाळा बहुधा इथेच.

 

ओल्या गवतावर तळवा सरकला, की आडवे बल घटते. म्हणून बुटांना खुंट्या असतात. वाळूच्या खड्ड्यात उभे राहताना पाय रोवायची मुभा नियमांतच आहे.