‘ग्लेअर’ शब्दाची कुळकथा

जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या चामडी बांधणीवर सोनेरी अक्षरें उठविलेलीं असतात. तीं तेथें कशाच्या बळावर टिकलीं, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाहीं. सोन्याचा वर्ख लावण्यापूर्वीं बांधणीचा कारागीर चामड्यास अंड्याच्या पांढऱ्या भागाचा हात देई आणि मग तापविलेल्या ठशानें वर्ख दाबी. या द्रव्यास इंग्रजींत ‘ग्लेअर’ म्हणतात. चॉसरच्या एका कथेंत किमयागाराच्या सामानांतहि तें आढळतें. आपण ‘पांढरा बलक’ म्हणून वेळ भागवितों. इंग्रजांच्या घरींहि नुसतें ‘अंड्याचें पांढरें’ म्हणण्याचाच प्रघात आहे. ग्लेअर राहिला तो कारागिरांच्या तोंडीं.

डोळे दिपविणाऱ्या प्रकाशासहि इंग्रजींत ‘ग्लेअर’च म्हणतात, तेव्हां चकाकीवरून हें नांव पडलें असावें, असा तर्क विद्यार्थी हटकून करतात. आम्हीहि त्या वयांत तो केला होता! परंतु उच्चार एक असला तरी या दोन शब्दांचें लेखनहि निराळें आणि कूळहि निराळें. चकाकीचा ग्लेअर जर्मानिक कुळांतला, काचवाचक ‘ग्लास’ शब्दाचा आप्त. अंड्याचा ग्लेअर जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. त्याचें मूळ लॅटिन ‘क्लारुस’, म्हणजे स्वच्छ, निर्मळ. ‘क्लिअर’ हा त्याचाच भाऊ. स्पॅनिश व पोर्तुगीज लोक आजहि या भागास ‘क्लारा’ म्हणतात.

येथें खरी अडचण उभी राहते. शिजविलें तर पांढरें, फेटलें तरी पांढरें. लॅटिन ‘अल्बुमेन’ हें नांव शुभ्रतेवरून पडलें तें यथार्थच आहे. मग नितळपणाचें नांव कशासाठीं? कच्चें असतां तें पारदर्शक दिसतें, हें उत्तर खोटें नव्हे; पण आमच्या मतें त्या नांवास बळ मिळालें तें कारागिरींत. स्वित्झर्लंडांतील बर्न येथें ११ व्या शतकांतील एक निनांवी लॅटिन प्रकरण जपून ठेवलें आहे. ‘क्लारेआ’ हाच त्याचा विषय. पोथ्यांतील रंग कालविण्यासाठीं अंड्याचा पांढरा भाग कसा सिद्ध करावा, हें त्यांत सांगितलें आहे. सन १४०० च्या सुमाराचा इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी वर्खाच्या कामासाठीं अशीच कृति देतो: फेटून हिमासारखा घट्ट फेंस करावा, त्यांत पाणी घालावें आणि रात्रभर निवळूं द्यावें. शुभ्र तें फेंसाबरोबर वर राहतें. कारागीर घेतो तें खालचें नितळ. तोहि त्यास ‘कियारा’, म्हणजे निर्मळ, असेंच म्हणतो.

खुद्द फ्रान्समध्यें मात्र या शब्दास उतरती कळा लागली आहे. तेथें आज ‘ग्लेर’ म्हटलें कीं घशांतला कफच प्रथम आठवतो, आणि आचारी बिचारा ‘अंड्याचें पांढरें’ मागतो.