जॉर्जोनेचें ‘वादळ’ : कागद आणि रस

व्हेनिस येथील आकादेमिया चित्रसंग्रहांत जॉर्जोने (मृत्यु इ. स. १५१०) याचें ‘वादळ’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक चित्र आहे. तें सुमारें ८२ सेंटिमीटर उंच व ७३ सेंटिमीटर रुंद असून त्याचा काल बहुधा इ. स. १५०६ ते १५०८ धरितात. त्याचा विषय कोणता, याविषयीं विद्वानांत आजवर एकमत नाहीं. जुन्या कागदांवर भिस्त ठेवणाऱ्या आपणां संशोधकांस हें प्रकरण बोधप्रद वाटेल, म्हणून तें येथें मांडितों.

प्रथम चित्र पाहूं. डावीकडे हातांत दंड घेतलेला तरुण उभा आहे. उजवीकडे हिरवळीवर एक विवस्त्रप्राय स्त्री बालकास स्तनपान करवीत बसली आहे. दोघांमधून ओढा वाहतो. तरुणामागें दोन भग्न स्तंभ, पलीकडे पूल, त्यापुढें नगरांतील घरें, एका छपरावर शुभ्र पक्षी, आणि वर मेघांतून चमकणारी वीज.

आतां कागद पाहूं. मार्कान्तोनिओ मिकिएल या व्हेनिसच्या सरदारानें इ. स. १५३० मध्यें गाब्रिएले वेन्द्रामिन याच्या घरीं हें चित्र पाहून टांचण केलें. त्यांत तरुणास शिपाई व स्त्रीस भटक्या जिप्सी जातीची म्हटलें आहे. पुढें इ. स. १५६९ च्या वेन्द्रामिन संग्रहाच्या यादींत तोच तरुण मेंढपाळ झाला. वादळाचा उल्लेख गळाला व पुलाचा आला. एकाच घरच्या या दोन कागदांत अंतर अवघें एकोणचाळीस वर्षांचें, तरी मेळ नाहीं! त्यांतच इ. स. १९३९ मध्यें क्ष-किरणांनीं परीक्षा केली असतां डाव्या बाजूस रंगाखालीं स्नान करणारी एक विवस्त्र स्त्री आढळली. म्हणजे चित्रकारानें स्वतःच पात्रयोजना बदलली होती.

अशा वेळीं आमच्या साहित्यशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. वीज, मेघ, भग्न स्तंभ हे भयानकाचे उद्दीपन विभाव खरे. परंतु भयाचा एकहि अनुभाव चित्रांत नाहीं. कंप नाहीं, पलायन नाहीं. आकाशाकडे कोणी पाहतहि नाहीं. स्त्रीची दृष्टि तर आपणांकडे लागली आहे. वीज पाहतों ते केवळ आपण. म्हणून त्या बालकाविषयींची चिंता पात्रांच्या ठायीं नसून प्रेक्षकाच्या हृदयांत उपजते. वात्सल्य निश्चिंत आहे आणि संकट माथ्यावर आहे, या विरोधांतच चित्राचा भाव आहे, असें माझें मत आहे.

मग मिकिएलचें टांचण टाकाऊ काय? मुळींच नाहीं. त्याच्या नोंदीचा क्रम पहावा : आधीं लहानसा भूप्रदेश, मग वादळ, आणि शेवटीं माणसें. तरुण कोण हें त्यास ठाऊक असो वा नसो, चित्रांत प्रधान काय हें त्यानें नेमकें टिपिलें. समकालीन कागद नांवांविषयीं चुकूं शकतो. तरी त्याच्या शब्दांच्या क्रमांत पाहणाऱ्याचा अनुभव शिल्लक राहतो. दप्तरें चाळतांना आपण नांवें व तिथी उतरून घेतों. हा क्रमहि उतरून घ्यावा, इतकीच विनंति. इत्यलम्.