मेडन ट्रिब्यूट प्रकरण

अल्पवयीन मुलींच्या खरेदी-विक्रीचा पुरावा मिळविण्यासाठी पॅल मॅल गॅझेट ह्या लंडनच्या सायंदैनिकाचा संपादक विल्यम टॉमस स्टेड (१८४९–१९१२) ह्याने १८८५ मध्ये केलेला गुप्त तपास, त्यावरील लेखमाला आणि तीमधून उद्‌भवलेला फौजदारी खटला. ‘द मेडन ट्रिब्यूट ऑफ मॉडर्न बॅबिलन’ (आधुनिक बॅबिलनमधील कुमारिकांचा करभार) ह्या लेखमालेच्या शीर्षकावरून प्रकरणास हे नाव पडले. बालकांवरील अत्याचाराचा पुरावा गोळा करताना त्याच बालकास कितपत वेठीस धरावे, हा प्रश्न ह्या प्रकरणाने प्रथमच भर न्यायालयात आणला.

इंग्लंडमध्ये मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १८७५ पर्यंत बारा वर्षे होती. त्या वर्षीच्या कायद्याने ती तेरा झाली. इंग्लिश मुली फसवून ब्रुसेल्स येथील कुंटणखान्यांत नेल्या जातात, अशा तक्रारी १८८० च्या सुमारास वाढल्यावर उमराव सभेने एक चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींवर आधारलेले विधेयक उमराव सभेत संमत होई. कॉमन्स सभेत मात्र ते वारंवार रखडे. मे १८८५ मध्ये ते पुन्हा बारगळण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा लंडन शहराचा खजिनदार बेंजामिन स्कॉट ह्याने स्टेडची भेट घेतली. समाजसुधारक जोसेफाइन बटलर आणि मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मी) ब्रॅमवेल बूथ ह्यांचाही स्टेडला पाठिंबा होता. अडचण पुराव्याची होती. गुन्हा बंद दाराआड घडे. गिऱ्हाईक, कुंटणी आणि कित्येकदा पालकही मौन पाळीत. आणि जिच्यावर अत्याचार झाला, त्या मुलीला शपथेचा अर्थ कळत नसल्यास तिची साक्षच घेता येत नसे. मुलगी विकत घेता येते, हे स्वतः ती घेऊन सिद्ध करावयाचे, असे स्टेडने ठरविले.

पूर्वी कुंटणखाना चालविणारी व नंतर बटलरच्या आश्रयाने सुधारलेली रिबेका जॅरेट हिला त्याने ह्या कामास लावले. ३ जून १८८५ रोजी तिने लिसन ग्रोव्ह ह्या दरिद्री वस्तीतील तेरा वर्षांची एक मुलगी पाच पौंडांच्या ठरावाने मिळविली. आपली मुलगी घरकामाच्या नोकरीसाठी जात आहे, अशीच आपली समजूत होती, असे आईने पुढे न्यायालयात सांगितले. मुलीला प्रथम लुईझ मूरे ह्या सुईणीकडे नेऊन तिच्या कौमार्याची तपासणी करण्यात आली. नंतर पोलंड स्ट्रीटवरील एका कुंटणखान्यात तिला झोपवून क्लोरोफॉर्म हुंगविण्यात आला. स्टेड खोलीत गेला. मुलगी जागी होऊन ओरडली, तसा तो बाहेर पडला. तिला त्याने स्पर्श केला नाही, ह्याविषयी पुढे कोणीही शंका घेतली नाही. मात्र तेच सिद्ध करता यावे म्हणून त्याच रात्री एका डॉक्टरकडून, पुन्हा क्लोरोफॉर्म देऊन, तिची दुसरी तपासणी करविण्यात आली. दुसऱ्या दिवशी तिची रवानगी फ्रान्सला झाली. पहिली तपासणी तपासाच्या नावाखाली झाली होती. दुसरी केवळ तपास करणाऱ्याच्या अब्रूसाठी. ह्या साऱ्यात मुलीला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

लेखमाला ६, ७, ८ व १० जुलै रोजी प्रसिद्ध झाली. मुलीला ‘लिली’ असे टोपणनाव देऊन हा प्रसंग पहिल्याच लेखात रंगविला होता. परंतु खरेदीदार आपणच होतो आणि मुलगी सुखरूप आहे, हे स्टेडने त्यात सांगितले नाही. लेख मुलीच्या किंकाळीपाशी संपतो, आणि वाचकाने सर्वांत वाईट तेच गृहीत धरावे, अशीच त्याची रचना आहे. सत्य घटनेतून निर्माण केलेली ही दिशाभूल लेखमालेचे सर्वांत मोठे वैगुण्य होय. रेल्वे स्थानकांवर वृत्तपत्रे विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथ कंपनीने अंक विकण्यास नकार दिला. तरी अंकांसाठी कचेरीपुढे झुंबड उडाली. कॅंटरबरीचा आर्चबिशप व कार्डिनल मॅनिंग ह्यांचा समावेश असलेल्या समितीने लेखमालेतील माहिती स्थूलमानाने खरी असल्याचा निर्वाळा दिला. रखडलेले विधेयक झपाट्याने पुढे सरकून १४ ऑगस्ट १८८५ रोजी त्याचा कायदा झाला आणि संमतिवय सोळा वर्षे झाले.

पुराव्याच्या दृष्टीने ह्या कायद्याची दोन कलमे लक्षणीय आहेत. शपथेचा अर्थ न कळणाऱ्या परंतु खरे बोलण्याचे कर्तव्य समजणाऱ्या बालकाची साक्ष चौथ्या कलमाने ग्राह्य ठरविली. मात्र अन्य पुराव्याने तिची पुष्टी झाल्याखेरीज आरोपीस दोषी धरता येणार नव्हते. पाचव्या कलमाने तेरा ते सोळा वयाच्या मुलींबाबतच्या गुन्ह्यांसाठी तीन महिन्यांची मुदत घातली. फिर्याद त्यानंतर करता येत नसे. खोट्या आरोपाची व त्याआडून पैसे उकळण्याची धास्ती संसदेत मोठी होती. मुलीला बोलू द्यावयाचे पण तिच्यावर पुरता विश्वास टाकावयाचा नाही, अशी ही तडजोड होती. ती कित्येक पिढ्या टिकली.

दरम्यान ‘लिली’ ही आपलीच मुलगी असावी, असा संशय येऊन आईने दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली आणि ऑगस्टअखेर मुलगी घरी परतली. २३ ऑक्टोबरपासून ओल्ड बेली न्यायालयात स्टेड, जॅरेट, बूथ आदींवर अपहरणाचा खटला चालला. येथे कायद्याचा रोख मोठा बोलका आहे. १८६१ च्या कायद्यानुसार गुन्हा होता तो सोळा वर्षांखालील मुलीस पित्याच्या ताब्यातून त्याच्या इच्छेविरुद्ध नेण्याचा. सारी उलटतपासणी आईने काय कबूल केले होते आणि धुराडी साफ करणाऱ्या बापाची संमती घेतली होती काय, ह्यांभोवती फिरली. हेतू कितीही उदात्त असला, तरी तो बचाव होऊ शकत नाही, अशी न्यायमूर्ती लोप्स ह्यांची भूमिका होती. बापाची परवानगी घेतली नव्हती, हे स्टेडला मान्य करावे लागले. १० नोव्हेंबर रोजी त्याला तीन महिन्यांची, तर जॅरेट व मूरे ह्यांना प्रत्येकी सहा महिन्यांची शिक्षा झाली. बूथ निर्दोष सुटला. मूरे तुरुंगातच मरण पावली. स्टेड पुढे दरवर्षी १० नोव्हेंबरला कैद्याचा पोशाख घालून मिरवीत असे. मुलीच्या वाट्याला आले ते भर न्यायालयात त्या रात्रीची हकीकत सांगणे. आणि जे नाव झाकण्यासाठी ‘लिली’ हे नाव योजले होते, त्याच खऱ्या नावाने हा खटला पुढे कायद्याच्या इतिहासात ओळखला जाऊ लागला.

ह्याच सुमारास हिंदुस्थानातही संमतिवयाचा वाद पेटला होता. बेहरामजी मलबारी ह्यांनी १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली. १८९० मध्ये कलकत्त्यात पतीच्या समागमामुळे एका बालवधूचा मृत्यू झाल्यावर विधेयकास वेग आला. महाराष्ट्रात रा. गो. भांडारकर व का. त्र्यं. तेलंग ह्यांनी त्याचे समर्थन केले. लोकमान्य टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. पोलीस घरात शिरतील, स्त्रियांची वैद्यकीय तपासणी होईल, ही भीती विरोधकांच्या लिखाणात वारंवार येते. तिचा उपयोग रूढीच्या रक्षणासाठी झाला, हे खरे. तथापि ती सर्वस्वी निराधार नव्हती, हे लंडनमधील त्या दोन तपासण्यांवरून ध्यानात येते. १९ मार्च १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले, आणि पतीविरुद्धच्या गुन्ह्यात वॉरंटाशिवाय अटक करता येऊ नये अशी तरतूद झाली. परिणामी घराची अब्रू राखली गेली. घरातील मुलीची तक्रार पुढे येण्याचा मार्ग मात्र अरुंदच राहिला.

तपासणीच पीडा ठरण्याचा प्रश्न विसाव्या शतकात वेगळ्या रूपाने पुढे आला. १९८७ मध्ये इंग्लंडच्या क्लीव्हलंड परगण्यात डॉक्टरांनी शरीरावरील एका खुणेस अवाजवी महत्त्व देऊन शंभराहून अधिक मुलांवर अत्याचार झाल्याचे निदान केले आणि अनेक मुले पालकांपासून दूर केली गेली. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस ह्यांच्या १९८८ च्या अहवालाने वारंवार केलेल्या तपासण्यांवर व मुलाखतींवर टीका केली; मूल ही व्यक्ती आहे, चिंतेचा विषय असलेली वस्तू नव्हे, असे त्यात बजावले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात (१९८३–९०) लहान मुलांना सूचक प्रश्न पुनःपुन्हा विचारून मिळविलेली उत्तरे टिकली नाहीत व कोणासही शिक्षा झाली नाही. अशा रीतीने साक्ष घेतल्यास निरपराध व्यक्ती गोवली जाते, आणि खरा अत्याचार झालेल्या मुलाचे बोलणेही संशयास्पद ठरते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने साक्षी खटल्यात (२००४) पीडिता व आरोपी ह्यांमध्ये पडदा ठेवण्यास आणि घटनेसंबंधीचे उलटतपासणीचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशाकडे देण्यास सांगितले. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने कौमार्य अजमावणारी ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या जागी नोंदवावयाचा असतो. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने, पालकाच्या किंवा विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करावयाची असते. साक्षीसाठी बालकास वारंवार बोलाविता येत नाही व वृत्तपत्रांस त्याची ओळख प्रकट करता येत नाही. छुप्या रीतीने पुरावा मिळविणाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, लाचलुचपतीच्या एका प्रकरणात, असे म्हटले की सार्वजनिक हिताचा दावा केल्याने अशी व्यक्ती आपोआप दोषमुक्त होत नाही. प्रत्येक प्रकरणातील हेतू व वस्तुस्थिती न्यायालयास तपासावी लागते. ओल्ड बेलीमध्ये स्टेडचा हेतू बचाव म्हणून ऐकूनच घेतला गेला नव्हता. त्या लाच प्रकरणात मात्र दोन्ही बाजूंना प्रौढ माणसे होती.