आंबट दूध आणि सुरी

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यास १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल. परंतु सामान्य जनांत त्याचे नाव गाजले ते दह्यामुळे. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, तेथील जंतू विष उत्पन्न करतात आणि त्या विषाने मनुष्य अकाली वृद्ध होतो, असे त्याचे मत होते. बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी, अशी तेव्हा ख्याती होती. त्यांच्या आंबट दुधातील जंतू स्टामेन ग्रिगोरोव्हने १९०५ सालीच हुडकला होता. तो पोटात गेला म्हणजे कुजविणाऱ्या जंतूंस हटवील, या आशेने मेचनिकॉफ स्वतः तसले दूध नेमाने पीत असे. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, तो हृदयविकाराने वारला. तो जंतू मनुष्याच्या आतड्यात ठाण मांडून राहत नाही, हे मागाहून दिसून आले.

दुधाने कोणाचे बिघडले नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु लंडनचा शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन याने याच विषाच्या कल्पनेपायी बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढली. त्यांपैकी काही दगावले. ही गोष्ट आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही. गटार म्हणून कापून टाकलेल्या त्या आतड्यातील जंतू कोंड्याभाजीतला चोथा आंबवून ब्युटिरिक आम्ल बनवितात व आतड्याच्या अस्तराचे पोषण मुख्यतः त्यावर होते, हे पुढे कळले. १९२५ साली लेनने न्यू हेल्थ सोसायटी स्थापिली आणि लोकांस कोंड्यासह पाव, फळे व भाजीपाला खाण्याचा उपदेश तो करू लागला.