बडोद्याची संक्रांत आणि आक्काची फिरकी

आमच्या बडोद्याच्या घरात 14 जानेवारीला दोन सण असायचे. खाली संक्रांत, वर उत्तरायण. खाली सुगडं, हलवा, काळी चंद्रकळा, हळदीकुंकू. वर अगाशीवर पतंग, गुंदरपट्टी, जलेबी-उंधियू आणि गळा बसेपर्यंत 'काय पो छे'. (गच्चीला आम्ही अगाशीच म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) हे दोन सण एका घरात कसे नांदायला लागले ते लिहून ठेवतोय, कारण ते पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत.

1734 पासून बडोदं गायकवाडांकडे. सरदारांमागून कारकून आले, भटजी आले, मास्तर आले. आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात रत्नागिरीकडून मुलकी खात्यात नोकरीला आले आणि रावपुऱ्यात बिऱ्हाड केलं. येताना देव आणले, पंचांग आणलं, सण आणले. त्या संक्रांतीत पतंग नव्हता. पतंग मराठी माणसाला नवा होता असं नाही. आपल्याकडे त्याला वावडी हा जुना शब्द आहे, आणि गुरुग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या एका पदात पतंग उडवणारा मुलगा आहे, सवंगड्यांशी गप्पा मारतो पण चित्त दोरीवर. येवल्याला तर भोगी, संक्रांत, कर असे तिन्ही दिवस पतंग उडतात. पण आमच्या कोकणातल्या घराला त्याचा गंध नव्हता.

शिवाय मराठीत 'संक्रांत आली' म्हणजे संकटच आलं. त्याचं खापर पानिपतावर फोडतात. 14 जानेवारी 1761 ही लढाईची तारीख खरी, आणि आमचे दमाजीराव गायकवाड त्या रणातून परत आलेले, हेही खरं. पण त्या वर्षी संक्रांत 14 तारखेला नव्हती. ती दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंद 12 जानेवारी 1863 ला जन्मले तो संक्रांतीचा दिवस होता. म्हणजे पानिपताच्या साली ती त्याच्याही आधी होऊन गेलेली. आजोबांना हे सांगायची मात्र कोणाची छाती नव्हती.

आजोबा पतंगाच्या विरुद्ध. 1 मे 1949 ला बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आजोबांची कचेरी, दरबाराची पत्रकं, दसऱ्याची स्वारी, सगळ्याचा नूरच बदलला. "राज्य गेलं, निदान सण तरी आपले राहू द्या," असं ते म्हणत. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेतल्या गुजराती मित्रांबरोबर चोरून पतंग उडवायचे. त्यांना पुढे कोणीतरी युक्ती सुचवली की हे सूर्याचं उपासन आहे, कोवळं ऊन अंगाला लागतं. आजोबांनी मान हलवली. हे कारण मागाहून चिकटवलेलं आहे असं मला वाटतं, पण कामाला आलं खरं.

आता आक्काबद्दल. आक्का आजोबांची धाकटी बहीण. महाराजांनी 1904 मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला होता, पण तो संस्थानापुरता. आक्काचं लग्न कोकणात, इंग्रजी मुलखात, बाराव्या वर्षी लावून दिलं. सतराव्या वर्षी ती परत भावाकडे आली ती कायमची. संक्रांतीला तीळ भाजायची ती, गूळ चिरायची ती, पाक बिघडला तर सुधारायची ती. दुपारी बायका यायला लागल्या की स्वयंपाकघराचं दार पुढे ओढून आत बसायची. कोणी तिला बस म्हणत नसे. तीच बसायची.

ती अगाशीवर पहिल्यांदा गेली ती दादांना चिक्की द्यायला. फिरकी धरणारा पोरगा लघवीला पळाला होता, दादांनी फिरकी तिच्या हातात दिली. मला आठवतं तेव्हापासून, म्हणजे साठच्या दशकापासून, फिरकी आक्काचीच. जिन्याच्या कठड्याला टेकून बसायची, फिकट लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट. नजर पतंगावर नाही, दोरीवर. दोरी किती वेगाने सुटते त्यावरून पेच लागला का ते ओळखायची. "ढील दे, ढील दे, खेचू नको अजून!" दादा चाळिशीचे होते, पण निमूट ऐकायचे. डिसेंबर लागला की तीच मला गेंडीगेटला पिटाळायची, दोरी पाजून आणायला. रस्त्याकडेला खांब रोवून बरेलीचे कारागीर दोऱ्यावर भाताची खळ, रंग आणि काचेची पूड हाताने ओढत जायचे, बोटांना चिंध्या बांधून. "कच्ची नको, हाताला कचकचली पाहिजे," हा तिचा निरोप.

1967 साली मोठं भांडण झालं. गुजरात्यांचं वासी उत्तरायण म्हणजे आपली किंक्रांत. त्या दिवशी शुभ काही करायचं नाही, मुलांना बाहेर पाठवायचं नाही. आजीने जिन्याचं दार लावून घेतलं. शेजारची सगळी अगाशी गरजतेय आणि आम्ही पोरं खाली तोंड पाडून. आक्का उठली, आजीला म्हणाली, "वहिनी, संक्रांत यायची ती माझ्यावर येऊन गेली. आता कसली किंक्रांत? किल्ली दे." आजीने किल्ली दिली. आजोबा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले.

त्या दिवशी एक चांददार कापताना दोरी भराभर गुंडाळली आणि आक्काचं बोट चांगलंच चिरलं. ती खाली आली तशी आजीने हळदीकुंकवाच्या करंड्यातलीच हळद घेऊन तिच्या बोटावर दाबून धरली. रक्त थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या. मी तेव्हा अकरा वर्षांचा, मला फक्त वर परत जायची घाई.

आक्का 1981 मध्ये गेली. 1994 मध्ये दादा गेले, त्या पुढच्या संक्रांतीला आईने हळदीकुंकू केलंच, आणि ते अगाशीवर केलं. वाण म्हणून प्रत्येकीला एक पतंग आणि गुंदरपट्टीची छोटी गुंडाळी. दोन-तीन बायका आल्या नाहीत. बाकीच्या आल्या, त्यात आमच्या पोळातल्या दोघी अशा होत्या की ज्यांना कित्येक वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं.

फिरकी अजून माळ्यावर आहे. दोरा कुजलाय, हात लावला की तुटतो.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या मंडळींना विचारायचंय: तुमच्याकडे किंक्रांतीला पतंग चालायचा का? आणि तुमच्या घरी फिरकी कोण धरायचं?