परदेशी नागरिकांची परतपाठवणी : मुंबईत हे काम नेमके कोण करते?

गिरगावातून धोबीतलावकडे गेले की सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मागे, बदरुद्दीन तय्यबजी मार्गावर, एफआरआरओ म्हणजे विदेशी प्रादेशिक नोंदणी कार्यालय लागते. ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या इमिग्रेशन ब्युरोचे. पण वस्तीत येऊन कागद मागणारा माणूस ब्युरोचा नसतो. तो पोलीस ठाण्याचा असतो, गिरगावात वि. प. मार्ग किंवा डी. बी. मार्ग ठाण्याचा; बहुधा तिथल्या दहशतवादविरोधी कक्षातला. कधी विशेष शाखेच्या 'आय' शाखेचा.

अमेरिकेत या कामासाठी वेगळे दल आहे, आपल्याकडे नाही. केंद्राने 1958 मध्येच हे अधिकार राज्यांना सोपवले. त्यामुळे 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विसर्जनाला चौपाटीवर उभे राहणारे पोलीसच संशयिताला शोधतात, त्याच्या गावी चौकशी पाठवतात आणि आदेश निघाला की सीमेपर्यंत पोहोचवतात. पुढे सीमा सुरक्षा दल.

यातले सर्वांत वेळखाऊ काम गावच्या पडताळणीचे, आणि घाईत तेच आधी गळते असे आम्हाला वाटते. जुलै 1998 मध्ये मुंबई पोलीस कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने काही जरी कामगारांना बांगलादेशी ठरवून नेत होते. हे आमचेच बंगाली लोक, असे म्हणत जमावाने उलुबेरिया स्थानकात त्यांना सोडवले. मे 2025 मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना पडताळणीसाठी 30 दिवसांची मुदत दिली. जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले. त्या राज्याने कागद दाखवल्यावर ते परत आले.

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मात्र कायद्याने त्या व्यक्तीवरच आहे. पदपथावर जन्मलेल्या पारधी मुलाने तो कसा पेलायचा?

संविधानाचे कलम 21 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अरुणाचलातील चकमांना, म्हणजे बहुतांशी बौद्ध निर्वासितांना, संरक्षण दिले. अटकेचे कारण विचारणे, वकील मागणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर होणे हे कलम 22 मध्ये आहे. ठाण्यात गेलेल्या कार्यकर्त्याने आधी स्टेशन डायरीतली नोंद विचारावी.

26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 दरम्यान भारतात जन्मलेला माणूस, मोजके अपवाद सोडता, जन्माने नागरिक असतो. म्हणून जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला महत्त्वाचा. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे पुरावे आपल्यापैकी अनेकांच्या घरी जमवलेले आहेत. ती फाइल माळ्यावर टाकू नका, तिची एक प्रत गावीही ठेवा.